धाकटीला घर, एका वाक्याच्या बदल्यात

देवबापाला समक्ष जाणून, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि कोणाला खूश करण्याचा हेतू न ठेवता मी हे लिहिते. मी छापखान्यातल्या खिळेजुळाऱ्याची विधवा, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या महिला सभेची अनेक वर्षे चिटणीस. डॉक्टर म्हणतात छातीत पाणी झाले आहे. डोक्यात झालेले नाही. गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी प्रवचनात एकच दृष्टांत दोनदा सांगितला आणि दुसऱ्यांदा त्याचा शेवट बदलला, हे सगळ्या मंडळीत माझ्या एकटीच्या लक्षात आले. यावरून माझी बुद्धी शाबूत आहे असे समजावे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण याआधी मरायचे नव्हते.

कागद पाठकोरा आहे. ह्यांनी छापखान्यातून आणलेली मुद्रिते अजून सरलेली नाहीत. मागच्या बाजूला कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका आहे, ती मजकुरात धरू नये.

माझ्या दफनानंतर जो पहिला प्रभुभोजनाचा रविवार येईल त्या दिवशी पाळकसाहेबांनी हे व्यासपीठावरून मोठ्याने वाचावे. गाळून वाचू नये. ठसका लागला तर पाणी प्यावे आणि पुढे वाचावे.

१. देहाविषयी. पेटी साध्या लाकडाची करावी. फुले आणू नयेत, ज्यांनी जिवंतपणी आणली नाहीत त्यांनी तर मुळीच नाही. पेटी उचलताना माझ्या दिरांनी पायाकडची बाजू धरावी. त्यांना वाकायची सवय नाही, ती एकदा व्हावी.

२. पाळकबाईंना माझी छत्री. त्या आजाऱ्यांच्या भेटीला निघतात आणि आभाळ पाहून परत फिरतात. माझ्या आजारात आभाळ फार वेळा भरून आले. मी त्यांना मनापासून क्षमा केली आहे. छत्रीची एक काडी मोडलेली आहे.

३. माझ्या दिरांना ह्यांचा काळा कोट. तो त्यांना खांद्यात सैल होईल. ह्यांचे खांदे मोठे होते. दीर आमच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळातले सर्वांत जुने वडील. शिस्तीचा कोणताही विषय निघाला की आधी ते घसा खाकरतात. त्यांनी माझ्या जावेचा हात मोडला तेव्हा वडीलमंडळाने चहा घेऊन ती घरातली बाब ठरवली आणि जाऊबाई गळ्यात झोळी अडकवून पुढच्या बाकावर बसली. ती आता प्रभूजवळ आहे, तिथे तिला कोणी विचारले असेल तर तिने सांगितले असेलच. मी दिरांना क्षमा केली आहे. क्षमा कशाबद्दल ते मंडळीला कळावे म्हणून एवढे लिहिले, बाकी राग नाही.

४. घड्याळजींना, म्हणजे पुढच्या खोलीत दुकान थाटलेल्या माझ्या भाडेकरूंना, काहीही नाही. त्यात अपमान नाही. वकिलाच्या कारकुनाने मला बजावून सांगितले, “बाई, एक नियम पक्का ध्यानात ठेवा. ज्याला काही द्यायचंय त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका. त्यानं सही केली की त्याचा वाटा बुडाला. बाकी कागद चालतो, त्याचं तेवढं जातं.” घड्याळजी मान हलवत म्हणाले, “मग मला काही देऊच नका, मी सही करतो. तुमच्याकडून काही मिळेल अशी आशा मी भाडं ठरलं त्या दिवशीच सोडली.” ते साक्षीदार पहिले. दुसरी साक्षीदार समोरच्या बेकरीची मालकीण. तिलाही मी काही देत नाही. तिच्या पावाला मी कधी चांगले म्हटले नाही, तेव्हा तिची अपेक्षा नसावी.

५. घर. हे कलम सावकाश वाचावे.

हे घर ह्यांनी माझ्या नावावर केले. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पडवी. पडवीत माझी धाकटी बहीण राहते. आम्हांला मूलबाळ नाही. धाकटी लोकांचे कपडे शिवते आणि आता मला उठवते, बसवते, न्हाऊ घालते.

नव्या लोकांना माहीत नसेल म्हणून लिहिते. तरुणपणी ती एका फोटोग्राफरबरोबर निघून गेली. त्याची बायको होती, हे तिला तिथे गेल्यावर कळले. ती एकटी परत आली आणि जे झाले ते तिने मला स्वयंपाकघरात बसून सांगितले. वडीलमंडळाने तिला शिस्तीखाली ठेवले. म्हणजे काय, तर तिने मंडळीसमोर उभे राहून ‘मी पाप केले, मंडळीने मला क्षमा करावी’ एवढे म्हणावे. म्हणेपर्यंत तिला प्रभुभोजन नाही. वाक्य दिरांनी लिहून दिले होते. धाकटी म्हणाली, “ज्या बाईचं वाईट केलं तिची माफी मी पायाशी बसून मागून आले. ह्या लोकांचं मी काय नेलंय?” आणि ती मागच्या बाकावर जाऊन बसली.

सगळ्यांना वाटले, महिनाभरात वाकेल. ती वाकली नाही आणि मंडळी सोडूनही गेली नाही, हे तिचे सगळ्यांत मोठे उद्धटपण. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या भाकरीचे ताट बाकाबाकांवरून फिरते. दीर ते घेऊन मागच्या बाकापर्यंत जातात, तिच्यासमोर ताटावर पांढरा रुमाल टाकतात आणि परत फिरतात. ती रुमालाकडे बघते. मी पुढून दुसऱ्या बाकावर बसते आणि कधी वळून पाहत नाही, पण रुमाल टाकल्याचे मला पाठीला कळते. तो रुमाल मीच धुते. आयुष्यभर मी एका डागाबरोबर देवळात गेले आणि एका डागाबरोबर घरी आले.

तरी ती माझी बहीण आहे. तिला बाहेर ठेवून मी प्रभूच्या घरी जाऊन बसणार नाही. म्हणून माझी अट अशी: हे वाचून झाले की धाकटीने मागच्या बाकावरून उठावे, चालत पुढे यावे, मंडळीकडे तोंड करावे आणि ते वाक्य म्हणावे. म्हटले की त्या घडीपासून घर तिचे, विकायच्या हक्कासकट. न म्हटले तर घर मंडळीचे, आणि तिने महिनाभरात पडवी मोकळी करावी. शिवणयंत्र ह्यांनी घेतलेले आहे, ते घराबरोबर जाईल.

घड्याळजी म्हणाले, “बाई, हे देणं आहे की फास? ती नाही बोलायची.” मी म्हटले, बोलेल. तरुणपणी माणूस हट्ट करतो. म्हातारपणी गुडघे हट्ट करू देत नाहीत. डोक्यावरचे छप्पर ही फार मोठी शिकवण आहे.

६. बँकेतली शिल्लक. दफनाचा खर्च वजा जाता राहील ती देवळाच्या दुरुस्तीला. त्यातून सर्वांत आधी मागचा बाक उखडून टाकावा आणि तिथली फरशी घोटून घ्यावी. धाकटीने पुढे बसावे, नाहीतर उभे राहावे.

७. भाकरीविषयी. प्रभुभोजनाची बिनखमिराची भाकर महिला सभेची चिटणीस म्हणून मी करते, असे मंडळीच्या अहवालात दर वर्षी छापून येते आणि दर वर्षी माझे आभार मानले जातात. माझ्या बोटांना बाक आल्यापासून ती भाकर धाकटी करते. मळते ती, लाटते ती, भाजते ती. मी फडक्यात गुंडाळून नेते. मंडळीला सांगितले असते तर पाळकबाईंनी समोरच्या बेकरीतला पाव आणून ठेवला असता. तेव्हा ज्यांनी धाकटीला ताटापासून दूर ठेवले ते सगळे, दिरांसकट, तिच्याच हातचे खात आले आहेत आणि डोळे मिटून खात आले आहेत.

हे कलम लिहून झाले तेव्हा धाकटी औषध घेऊन आली. चमचा माझ्या तोंडात घालून तिने उभ्या उभ्या पहिल्यापासून सगळे वाचले.

“घराचं ठीक आहे, ताई. घर तुझं आहे, तू कुत्र्यालाही दे. भाकरीचं तेवढं खोड.”

“का म्हणून?”

“कळल्यावर मला करू देतील का ते?”

“वाक्य म्हण. मग राजरोस कर.”

“ते वाक्य तुझ्या दिराचं आहे. मला माझंच पुरेसं आहे.” मग माझ्या हनुवटीवरचे औषध पदराने पुसत म्हणाली, “आणि एवढं लिहिलंच आहेस तर चुकीचं नको. मी उपाशी नाहीये. पहिली भाजली की तुकडा मोडून मी खाते.”

“तोंडात घालतेस? प्रभूच्या ताटातलं?”

“मीठ बघायला नको? एकदा अळणी झाली होती, तर तूच दिवसभर बोलली नव्हतीस.” रिकामा चमचा तिने पेल्यात टाकला. “आशीर्वाद तुमच्या तिकडे होतो. इथे ती नुसती भाकर असते. पण मी खाली बसून खाते, हात जोडून.”

मी खोडले नाही. उलट जोडते: मंडळीने इतकी वर्षे जे प्रभुभोजन घेतले त्याचा पहिला तुकडा शिस्तीखालच्या बाईने आधी मोडलेला होता. हेही वाचावे. ज्यांना पचणार नाही त्यांनी माझ्या कपाटातली ओव्याची बाटली न्यावी. ती कोणाला दिलेली नाही.

धाकटीने भांडण केले नाही. “बरं,” म्हणाली आणि पीठ चाळायला गेली. उद्या पहिला रविवार. तिच्या ‘बरं’ला मी लहानपणापासून ओळखते, त्याचा अर्थ होकार असा कधीच नसतो. पण या वेळी कागद माझ्याकडे आहे.

८. या मृत्युपत्रात वरील कोणाही व्यक्तीविषयी द्वेष नाही. मी दररोज सर्वांसाठी नावे घेऊन प्रार्थना केली आहे. ज्यांना राग येईल त्यांनीही माझ्यासाठी करावी. अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी. त्यांची फी ठरलेली आहे, वर काही मागितल्यास देऊ नये.

स्थळ: राहते घर, मधली खोली, खिडकीजवळ.
दिनांक: पहिल्या रविवारच्या आदला शनिवार, दुपार.

(सही) लिहून देणार, खिळेजुळाऱ्याची विधवा

आमच्यादेखत सही झाली:

साक्षीदार पहिले: (सही) घड्याळजी, पुढची खोली. बाईंनी माझ्यासमोर, स्वतःच्या हाताने, चष्मा पुसून सही केली.

साक्षीदार दुसरी: बेकरीची मालकीण

(‘बेकरीची मालकीण’ हे शब्द एका रेघेने खोडले आहेत. खाली वेगळ्या अक्षरात:)

बेकरीवाली आली होती, मी तिला परत पाठवले. ताईने माझ्यादेखत सही केली. ताई पूर्ण शुद्धीवर आहे, तिने काय लिहिले ते तिला कळते. साक्षीदाराला काही मिळत नाही हा नियम मी वरच वाचला आहे. कागद बदलायला ताईने पुन्हा लिहायला हवे, आणि पेन मी जागेवर ठेवले आहे. उद्याची भाकर झाली. मीठ बरोबर आहे.

(सही) धाकटी, मागचा बाक