सीटवरचं प्लास्टिक

उषाबाई,

गाडीच्या सीटांवरचं प्लास्टिक मी काढून टाकलं आहे. ओरडू नकोस, घरात ऐकायला कुणी नाही.

गाडी घेतल्यापासून ‘पाहुण्यांसाठी राहू द्या’ म्हणून तू ते काढू दिलं नाहीस. आत दमट राहून लेदरला पांढरी बुरशी धरली होती. साबणाच्या पाण्यातलं मऊ फडकं घट्ट पिळून सगळं पुसलं, सावलीत वाळवलं आणि वरून लेदरचं क्रीम चोळलं. ते मुरायला संध्याकाळ होईल. तोवर गाडी उन्हात काढू नकोस आणि तुझं खोबरेल तेल तर बिलकुल लावू नकोस. सीटांची वेणी घालायची नाहीये.

तृप्ती आणि जावई सहाच्या रेल्वेनं येताहेत. मी रिक्षानं स्टेशनवर पुढं जातो. किल्ली देव्हाऱ्यापाशी आहे. गाडी शेजारचा वसंता स्टेशनवर आणेल, पण तू बसल्याशिवाय हलवायची न्हाई, असं त्याला बजावून ठेवलंय.

तिच्या लग्नाला तू आली नाहीस, हा विषय आज कुणीही काढणार नाही. मीही आत्ता काढलेला नाही.

नाहीच आलीस तर मंग सांगीन, क्रीम वाळलं नव्हतं. पण कॉलेजला जाताना त्या प्लास्टिकला चिकटून बसलेली तृप्ती दर वेळी तुला विचारायची, “आई, ते पाहुणे येणार तरी कधी?”

सहाला येताहेत.

— अण्णासाहेब