गुलाबांच्या पायाशी कोरी जागा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर आता साष्टांगाला राजी नसते, पण कागदावर तरी आडवा होतो. हे पत्र वाचून झाल्यावर तो नमस्कार कमीच पडला, असं तुला वाटेल.) तुझे नवे गुडघे कसे आहेत? दोन्ही एकमेकांशी जुळवून घेतात का? भाचीला म्हणावं, आईला रोज चालव, पण आईने "आता पुरे" म्हटलं की ऐक, कारण तिचं न ऐकण्याचे परिणाम तुझा मामा सध्या भोगतो आहे. जावईबापूंना नमस्कार, नातवाला पापा. इकडे घर ठीक आहे. नळ गळत नाहीत, कड्या लागतात, कपाटाची किल्ली डब्यात आहे. राहता राहिली बाग.

फोन असताना पत्र का लिहितो, असं तू म्हणशील. तर दर रविवारी सकाळी तू फोनवर विचारतेस, "बाग कशी आहे रे?" आणि मी म्हणतो, "हिरवीगार!" गेले तेरा रविवार हेच चाललं आहे. फोन कानाला लावला की हा शब्द मला शिंकेसारखा येतो, आवरत नाही. कागदावर तसं होत नाही. छत्तीस वर्षं वर्तमानपत्राच्या कचेरीत काढली. तिथे आदल्या दिवशी छापलेली चूक दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या टाइपात का होईना, कबूल करावीच लागायची. हे पत्र त्याच जातीचं आहे, फक्त अक्षर मोठं काढलं आहे, कारण तुझा चष्मा तू नेहमी दुसऱ्या खोलीत ठेवतेस.

आता मुद्द्यावर येतो. (येतो म्हणजे यायचा प्रयत्न करतो.) जाताना तू मला बागेच्या सूचना लिहून दिल्या होत्यास, पाठपोट चार पानं. मी त्या पहिल्याच संध्याकाळी चहा घेत वाचल्या आणि जित्याची खोड म्हणतात तसं झालं. तुझा मजकूर चांगला असतो गं, पण तू लिहितेस बोलल्यासारखी. पाणी कधी घालायचं हे तीन ठिकाणी होतं, मधेच भाऊजींची आठवण होती, एका ठिकाणी तर शेजारणीच्या मांजराबद्दल सहा ओळी होत्या. मी लाल पेन काढलं. तासाभरात चार पानांचं एक पान केलं, सुवाच्य अक्षरात उतरवून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं, आणि मूळ पानं टेबलाच्या खणात टाकली. त्या वेळी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. आज ते आठवलं की कान गरम होतात.

दुसऱ्या आठवड्यात मी पायरीवर बसून बागेकडे नीट बघितलं. गुलाब झकास होते, माणसाच्या उंचीचे, वर फुलांनी लगडलेले. पण खाली? नुसते काटेरी, उघडेवाघडे पाय आणि त्यांच्याभोवती भुंडी माती. वर कोट-टाय आणि खाली लेंगा घालायला विसरलेला, असा तो एकूण थाट. ताई, तुला माहीत नाही, पण कोरी जागा हा माझा जुना आजार आहे. पानाच्या तळाशी चार बोटं जागा उरली की माझा जीव खालीवर व्हायचा. मग मी पानपूरक टाकायचो: उंट किती दिवस पाण्याशिवाय राहतो, पितळेवरचे डाग कसे काढावेत, असं काहीबाही. लोक अग्रलेख वाचत नसत, पण माझ्या उंटाबद्दल पत्रं पाठवत. तर मी ठरवलं, ताई येईपर्यंत गुलाबांखाली बुटक्या झुडपांचं पानपूरक टाकायचं. गुडघ्याएवढी, पसरणारी, थोडक्या उन्हात भागवणारी, बारीक फुलांची. वर गुलाब, खाली झुडपं, माती दिसणार नाही, ओल टिकेल, तण उगवणार नाही. तू फाटक उघडशील आणि म्हणशील, "अगंबाई!" (तू "अगंबाई" म्हणशीलच. पण ते वेगळ्या कारणाने.)

लावायचं तर आधी जागा साफ करायला हवी. प्रत्येक गुलाबाच्या पायथ्याशी मला एकेक वाळक्या काटक्यांचा खुंट दिसला. बारा गुलाब, बारा खुंट, चार बोटं उंचीचे, राखाडी. पान नाही, कोंब नाही. मला वाटलं, कधीकाळी काहीतरी असेल, मेलं बिचारं, ताईला गुडघ्यांमुळे वाकून काढता आलं नसेल. आपण काढू. कुदळ घेतली आणि एका सकाळीत बारा खड्डे केले. मुळं चिवट होती. मेलेल्याची मुळं इतकी चिवट कशी, हा प्रश्न मला पडायला हवा होता, पण तेव्हा मी घामाघूम आणि शूर झालो होतो. कामाच्या मावशी दारात येऊन म्हणाल्या, "अहो भाऊ, ते तर..." मी म्हटलं, "मावशी, आत दूध उतू जाईल, तिकडे बघा." त्या आत गेल्या. दूध तापत नव्हतं. तेव्हा चिडून गेल्या असं मला वाटलं, पण आता आठवतं, त्या फोनच्या खोलीकडे गेल्या होत्या. (याबद्दल मला तेव्हा काहीच वाटलं नाही. मला एकंदरीत उशिरा वाटतं.)

खुंट मी फाटकाबाहेर ढीग करून ठेवले. दुपारी कोपऱ्यावरचा नर्सरीवाला हातगाडी घेऊन आला आणि सगळा ढीग ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन गेला. मी मनात म्हटलं, काय सज्जन माणूस आहे, लोकांचा कचरा उचलतो. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेलो, मला कसली झुडपं हवीत ते अर्धा तास समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "तुम्ही सांगता अगदी तसाच माल तयार होतोय साहेब. दोन महिने थांबा." दोन महिने मी थांबलो. बागेत बारा खड्डे तोंड वासून बघत होते आणि मी दर रविवारी हिरवीगार म्हणत होतो.

माल आला, आणि तो बघून मी खूश झालो. अकरा कुंड्या, टवटवीत, बारीक निळ्या फुलांनी भरलेल्या. स्वतःच्या हाताने लावायला बसलो. पाचवी कुंडी उलटी केली, मातीचा गोळा हातात घेतला तर बोटाला काहीतरी टोचलं. मुळाशी तारेने बांधलेली पत्र्याची चकती होती. वर खिळ्याने कोरलेला आकडा: सहा. ताई, मी आयुष्यभर लोकांची अक्षरं लावली आहेत. पाठीवर उताणा पडल्यासारखा सहा या जगात एकच माणूस काढायचा. मी उरलेल्या कुंड्या घाईघाईने उलट्या केल्या, लावलेल्या पुन्हा उकरल्या. दोनपासून बारापर्यंत सगळ्या चकत्या भाऊजींच्या हातच्या होत्या.

मी तिथेच मातीत बसलो. मग आत जाऊन खणातली तुझी चार पानं काढली. तिसऱ्या पानावर तुझ्या अक्षरात होतं: "गुलाबांखालची यांची झुडपं मी दरवर्षीसारखी बुंध्यापर्यंत छाटली आहेत. मेली असं वाटेल. मेलेली नाहीत. दिसो न दिसो, पाणी घाल. यंदा स्टुलावर बसून छाटली, पुढच्या वर्षी जमेल असं वाटत नाही, म्हणून जप." या सबंध मजकुरावर लाल रेघ होती. समासात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: "पाल्हाळ. काढावे."

त्या दोन शब्दांची मला किती लाज वाटली ते कसं लिहू? मी त्या दिवशी जेवलो नाही, आणि मी जेवलो नाही म्हणजे काय हे तुला ठाऊक आहे. पंधरा वर्षं मी तुझ्याकडे येतो आहे. त्याच पायरीवर बसून चहा प्यालो, मान वर करून गुलाबांना वा वा म्हटलं. भाऊजी दरवेळी म्हणायचे, "मेव्हणे, जरा खाली पण बघा." मला वाटायचं, माझ्या चपलांना चिखल लागेल म्हणून सांगतात. एकदाही खाली बघितलं नाही गं. माणूस गेला, आणि मी त्याने लावलेलं काढून त्याच जागी त्याचंच लावायला निघालो होतो, वर शाबासकीची वाट बघत. (आणि त्या नर्सरीवाल्याने माझाच माल मला विकला! असल्या लबाड माणसाला तू दारात उभं करू नकोस.)

आता चकती नंबर एक. ती आली नाही. नर्सरीवाला म्हणतो, ढिगात अकराच होते. बैठकीतल्या फोटोत भाऊजी पायरीवर बसलेत आणि त्यांच्या पायाशी पांढऱ्या फुलांचं झुडूप आहे. म्हणजे पहिलं लावलेलं पांढरं, बाकीची निळी. ते एकच मी हरवलं, आणि हरवून हरवलं ते नेमकं तेच. मग सुरू झाला माझा शोध. गेला महिनाभर मी लोकांच्या कुंपणांवरून वाकून बघत हिंडतो आहे. तीन कुत्री मला ओळखायला लागली आहेत. एका बाईंनी मला मीटर बघणारा समजून आत घेतलं, आणि मीही मीटर बघून आलो.

शेवटी दातांच्या डॉक्टरांच्या खिडकीत मला पांढरी फुलं दिसली. तीच बारीक, झुबक्यांची. मी आत गेलो. तिथे बसलेली मुलगी म्हणाली, नंबराशिवाय डॉक्टर भेटत नाहीत. नंबर लावला. खुर्चीत बसून मी सुरुवातीपासून सांगायला घेतलं, "त्याचं असं झालं, माझ्या ताईची बाग..." डॉक्टर म्हणाले, "आ करा." त्यानंतर मला बोलता आलं नाही. त्यांनी आरशाने बघून सांगितलं की मागची दाढ मेलेली आहे, ठेवण्यात अर्थ नाही. वरून मेलेलं दिसतं ते मेलेलं नसतं, हे मी नुकतंच शिकलो होतो आणि त्यांना कळकळीने सांगतही होतो, पण तोंडात दोन अवजारं असताना ते "आँ आँ" असंच ऐकू गेलं. दाढ उपटली. बाहेर येऊन गालात कापूस धरून मी खिडकीतल्या झाडाकडे बोट दाखवलं. त्या मुलीने ते कुंडीतून उपसून हातात घेतलं, ओल्या फडक्याने पुसलं, परत खोचलं. प्लास्टिकचं होतं. दाढ खरी गेली, झाड खोटं निघालं.

तर अशी हकिगत आहे. तू येत्या वीस तारखेला येते आहेस. अकरा झुडपं जिवंत आहेत, फुलली आहेत, मी रोज पाणी घालतो. पायरीजवळचा खड्डा रिकामा आहे. तिथे दुसरं काहीही लावायची माझी छाती होत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एक कोरी जागा कोरीच ठेवली आहे. जे बोलायचं ते येऊन बोल. मी फाटकाशी उभा असेन.

तुझा अपराधी भाऊ,
धाकटा

ता. क. खरं म्हणजे एवढं सगळं एका विनंतीसाठी लिहिलं. जाताना तू पिशवीत ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळून नेलं होतंस. ती जर पांढऱ्याची फांदी असेल आणि भाचीकडे रुजली असेल, तर येताना घेऊन ये. खड्डा मी करतो, लावतोही मीच. तुला वाकावं लागणार नाही.

आणखी एक ता. क. वरची विनंती रद्द समज. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात मावशी आल्या. "ताईंना सगळं लिहिलंत का भाऊ?" म्हणाल्या. मी म्हटलं, हो, सगळं. "उपटल्याचं पण?" म्हटलं, ते पण. "आणि माझं बोलणं तोडलंत ते?" म्हटलं, मावशी, दुधासकट लिहिलं. त्या तशाच घरी गेल्या आणि अर्ध्या तासाने तेलाचा जुना डबा कमरेवर घेऊन आल्या. त्यात पांढरं झुडूप, गुडघ्याएवढं, फुललेलं, मुळाशी चकती. मी कुदळ मारली त्याच सकाळी त्यांनी तुला फोन केला होता म्हणे. नर्सरीवाल्याला गाडी घेऊन तूच पाठवलंस. (त्याला लबाड म्हटलं ते वाचू नकोस.) आणि हे एक मावशींकडे ठेवायला सांगितलंस: "त्याने आपण होऊन सांगितलं तर दे. नाही सांगितलं तर तुझ्याच खिडकीत राहू दे."

म्हणजे तेरा रविवार तुला माहीत होतं. तेरा रविवार मी हिरवीगार म्हणालो आणि तू "हो का? बरं हो" म्हणालीस.

पांढरं पायरीजवळ लावलं. मावशी उभ्या राहून सांगत होत्या, मी मधे एकदाही बोललो नाही. पत्र आता पाठवायची गरज नाही, तरी पाठवतो आहे. यातलं काही कापलेलं नाही.