लेओव्हरचा बंदोबस्त

२ मे, रत्नागिरी

ठरलं. क्रूझ. अथेन्सहून जहाज, मग ग्रीसची बेटं.

इच्छा उल्काची. बायकोने जन्मभर मालगुंडच्या शाळेत शिकवलं. मधल्या सुट्टीत सड्याच्या कातळावर उभी राहून लांबवरची जहाजं बघायची आणि संध्याकाळी घरी येऊन मला विचारायची, आज एक भलं मोठं दिसलं, कुठे जात असेल हो? मला काय ठाऊक? मी पाटबंधारे खात्यात. गेल्या महिन्यात ती रिटायर झाली. म्हणाली, एकदा त्यातल्या एकात बसायचंय, तुमच्याबरोबर. दुसरं काही नको. मी लगेच हो म्हटलं. माझा हा मोठेपणा कुणाच्या लक्षात आला नाही.

निश्चय : सगळं मी बघणार. टूर कंपनी नको. त्यांचा मला तिटकारा आहे. एकसारख्या टोप्या घालायच्या, झेंड्यामागून चालायचं आणि डब्यातले ठेपले खात जग बघायचं. शी!

५ मे

आर्याचा पुण्याहून फोन. मुलगी हुशार आहे, पण भित्री. म्हणते, बाबा, एक दिवस आधी पोचा आणि हॉटेलात राहा, जहाज कुणासाठी थांबत नाही. मी तिला समजावून सांगितलं. जहाज रात्री अकराला सुटतं, विमान संध्याकाळी अथेन्सला पोचतं. हॉटेल कशाला? वाटेत आखातात एका विमानतळावर आठ-नऊ तासांचा लेओव्हर आहे. तो मी मुद्दाम निवडला.

आर्या म्हणाली, एवढा वेळ तिथे करणार काय? मी म्हटलं, लेओव्हर ही संधी असते. घाबरट माणसाला ती अडचण वाटते. हे वाक्य एका व्हिडिओतलं आहे, पण मला आधीच सुचलेलं होतं.

९ मे

लेओव्हर या विषयाचा अभ्यास पूर्ण. एवढे व्हिडिओ बघितले की उल्काने मला हेडफोन आणून दिला.

धोरण पक्कं. घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवायचं, त्याने डोकं शांत राहतं. रोमिंग घ्यायचं नाही, विमानतळावर वायफाय फुकट असतं. दोघांचे कपडे एकाच मोठ्या बॅगेत, बॅग माझ्या नावावर. दोन्ही पासपोर्ट माझ्या शर्टाच्या आतल्या पिशवीत.

या शेवटच्या मुद्द्यावर भांडण. उल्का म्हणते, माझा पासपोर्ट माझ्या पर्समध्ये राहील. का, तर माझा आहे. हे काय कारण झालं? शेवटी राहू दिला. लहानसहान गोष्टीत बायकांना स्वातंत्र्य द्यावं. शिवाय तिने मला न विचारता आर्याकडून रोमिंगही करून घेतलंय. उधळपट्टी.

१५ मे

आंब्याच्या बागेत गेलो. भागोजी शेवटची फळं उतरवत होता. आमची बाग तोच बघतो. त्याला लेओव्हर म्हणजे काय ते कलमाखाली बसून नीट समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, दादा, इमान चुकला तं काय करायचा?

मला हसू आलं. म्हटलं, विमान चुकतं ते बेशिस्त माणसाचं. तो म्हणाला, ता पन खरा, आणि वयनीची काळजी घ्या. वहिनींचीच काळजी घ्यायला तर मी चाललोय!

१९ मे

शेजारच्या दीपकने चहाला बोलावलं. तो मागच्या वर्षी टूर कंपनीबरोबर सिंगापूरला जाऊन आला, तेव्हापासून परदेशातलं सगळं त्यालाच कळतं. म्हणाला, चारुभाऊ, माझं एकच ऐका. उतरलात की गेट शोधा, समोर बसा आणि हलू नका. मूत्रविसर्जनालासुद्धा आळीपाळीने.

किळस आली. या माणसाने जग बघितलं म्हणजे गेटसमोरच्या खुर्च्या बघितल्या. उल्का मात्र मान डोलावत होती. घरी आल्यावर तिला सांगितलं, की दीपकचं काही मनावर घेऊ नकोस. ती म्हणाली, आपण बसायचं ना पण गेटसमोर? मी हेडफोन घातला.

२४ मे, पहाट, मुंबई विमानतळ

गर्दी. जांभया. एक गृहस्थ पायांतले मोजे काढून बोटं मोजत बसलेत. सँडविच नावाचा गार, ओला प्रकार खाल्ला. थुंकायची सोय नाही म्हणून गिळला.

उल्का खुशीत. नवी चप्पल. तिने सँडविच संपवलं आणि माझ्यातलं उरलेलंही खाल्लं.

२४ मे, सकाळ, लेओव्हर

विमानतळाचं नाव लिहीत नाही. फुकट प्रसिद्धी नको.

पहिलं मत : गलिच्छ. म्हणजे स्वच्छ आहे, पण इतका स्वच्छ की किळस येते. सगळीकडे अत्तराचा भपका. खुर्च्यांना मधोमध दांडे, माणसाने आडवं होऊ नये म्हणून. एसी असा की आमचे आंबेसुद्धा कुडकुडले असते. चहा मागितला, तर कागदी पेल्यात गरम पाणी आणि दोरी लावलेली पुडी. यांनी एवढं वाळवंट हिरवं केलं, यांना चहा उकळता येत नाही?

वायफाय फुकट आहे. पण त्याआधी मोबाईलवर ओटीपी येतो. तो रोमिंगशिवाय येत नाही. हा सरळसरळ कट आहे. उल्का आर्याला फोटो पाठवत बसलीय. मी तिच्याकडे फोन मागणार नाही.

त्याच दिवशी, दुपारच्या आधी

उल्काला गेटसमोर बसायचं होतं. तिला सगळा विमानतळ फिरवून दाखवला. चपलेने पाय चावला म्हणाली. नव्या चपलेला मी काय करणार.

मग बोर्डिंगच्या वेळेला गेटवर हजर. एकही माणूस नाही! काउंटरवरच्या मुलीला खडसावलं, विमान लेट आहे तर सांगायची पद्धत आहे की नाही? तिने हसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. इथे दीड तास कमी असतो. म्हणजे मी बेशिस्त नाहीच, उलट दीड तास शिस्तीत पुढे आहे. तिला हे पटवायचा प्रयत्न केला. पुन्हा हसली. असलं शिकवलेलं हसू माझ्या डोक्यात जातं.

उल्का गेटसमोर बसून राहिली. म्हणाली, आता मी इथून उठत नाही. दीपकची शिकवण! मी एक फेरी मारून येतो.

त्याच दिवशी, दुपार

हे लिहितोय ते रागाने.

फळांचं दुकान. काचेची पेटी. आत आंबे. प्रत्येकाच्या अंगात पांढरं जाळीदार जाकीट, आणि वर पाटी : रत्नागिरी हापूस.

रंग बघूनच शंका आली. साल जाड वाटली. दुसरीकडचा आंबा आमच्या नावाने विकायचा हा ओंगळ धंदा मी मार्केटात लहानपणापासून बघतोय, पण तो समुद्र ओलांडून इथवर आला असेल असं वाटलं नव्हतं. एक उचलून देठाशी नाक लावलं. वास एसीचा. दुसरा. तोही एसीचा. विक्रेता केरळकडचा, पोक्त गृहस्थ. हिंदीत म्हणाला, साहेब, कृपा करून हात लावू नका. रत्नागिरीच्या माणसाला सांगतो, हापूसला हात लावू नका! मी विचारलं, रत्नागिरी बघितलीय का? तो म्हणाला, नाही, पण पेटीवर लिहिलंय. मी म्हटलं, मॅनेजरला बोलवा.

मॅनेजर यायला वेळ लागला. मधे उल्का येऊन गेली. म्हणाली, अहो, लोक रांगेत उभे राहिलेत, चला. मी म्हटलं, तू पुढे हो, मी आलोच. तिने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, आंबा आपल्याकडे घरी आहे हो. तिला तत्त्व कळत नाही. पाय ओढत गेली.

मॅनेजर आला. टाय वगैरे. मी म्हटलं, कापा एक, चव घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही. सुरी नव्हती. ज्यूसवाल्याकडून मागवली. ती यायला आणखी वेळ. तेवढ्यात लाऊडस्पीकरवर काहीतरी पुकारलं, त्यात माझ्या नावासारखं काहीतरी होतं. अरबी उच्चार. लक्ष दिलं नाही.

आंबा कापला. खाल्ला.

फळ रत्नागिरीचं होतं.

हे त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, कापायची पद्धत चुकली, आणि निघालो.

त्याच दिवशी, त्यानंतर

गेट बंद. तीच मुलगी. आता हसत नव्हती. काचेतून विमान दिसत होतं. खालून एक बॅग काढत होते. आमची. तिला मी लाल रिबन बांधली होती, लगेच ओळखता यावी म्हणून. ओळखली.

मुलीला शांतपणे सांगितलं, की माझी पत्नी आत आहे आणि ती माझ्याशिवाय जाणार नाही. खेडच्या पुढे एकटी रेल्वेने कधी गेली नाही. ती दार उघडायला लावेल. दोन मिनिटं थांबा.

थांबलो. विमान मागे सरकलं, वळलं आणि गेलं.

बिचारी. आत रडून गोंधळ घातला असेल. ऐकलं नसेल कुणी तिचं. विमान कंपन्यांना माणुसकी नसते.

त्याच दिवशी, संध्याकाळ

वायफाय नाही, फोन नाही. शेवटी त्या आंबेवाल्याचाच फोन मागितला. त्याने लगेच दिला. आर्याला फोन लावला.

म्हणाली, बाबा, आईचा विमानातूनच मेसेज आला होता. तिने लिहिलं होतं, बाबा आंब्याच्या दुकानात आहेत, मी निघते.

मी निघते. एवढंच. घाईत लिहिलं असणार.

पुढचं विमान जहाज सुटल्यावर पोचतं. पण काळजी नाही. आर्या म्हणाली, परवा जहाज क्रीट बेटाला लागतं, तिथे विमान जातं, तिथे तुम्ही चढू शकता. झकास. उलट हे जास्त रोमांचक. उल्का धक्क्यावर उभी, मी समोरून येतोय. आर्या म्हणाली, आईला विचारून तिकीट काढते. विचारायचं काय त्यात? काढ म्हटलं. ती म्हणाली, तरी विचारते.

निश्चय : क्रीटमध्ये रागावायचं नाही. तिने न थांबल्याबद्दल एक शब्द काढायचा नाही.

२५ मे, तिथेच

दांड्यांच्या खुर्चीवर झोपलो. मान वाकडी. शेजारी कुणाचं तरी पोर रात्रभर बिस्किटं चावत होतं. तोंडाला वास. माझ्याच.

आंबेवाला सकाळी ड्यूटीवर आला, फोन पुढे केला. आर्याला विचारलं, तिकीट? ती जरा अडखळली. मग म्हणाली, आई म्हणते, बाबांना सांग, एवढी दगदग करू नका, घरी जा.

मी पुढच्या वाक्याची वाट बघितली. आर्या म्हणाली, एवढंच म्हणाली.

माझ्या दुखऱ्या गुडघ्यांचा विचार केला असणार. तिचा स्वभावच तसा. स्वतः एकटी, परक्या देशात, अंगावरच्या कपड्यांनिशी, आणि काळजी माझी. डोळ्यांत पाणी आलं. आंबेवाल्याने कागदी रुमाल दिला. तोही अत्तराचा.

२७ मे, रत्नागिरी

घरी. ठिकठिकाणी विचारपूस. दीपकला सांगितलं, की जहाजावर साथ आली आहे म्हणून परतलो. तो म्हणाला, मग वहिनी? मी म्हटलं, तिला होऊन गेलीय.

फोन सुरू केला. आर्याने पाठवलेले फोटो. उल्का जहाजाच्या कठड्याशी. पॅंट घातलीय. उल्काने! डोक्याला मोठी टोपी, डोळ्यांना काळा चष्मा. शेजारी दोन गोऱ्या बायका, तिघी तोंड उघडून हसतायत. तिची दाढ किडलीय हे मला या फोटोत पहिल्यांदा दिसलं. माझ्यासमोर एवढं तोंड उघडून हसली नसावी.

पॅंट अजिबात शोभत नाही. फोटो पुन्हा पुन्हा बघितला.

भात करपला. पिठलं पातळ. दोन्ही खाल्लं, आणि स्वतःच्या स्वयंपाकाची किळस आली.

३० मे

उल्काचा फोन, जहाजावरून. आवाज एकदम मोकळा, जसा शाळेत मुलांशी बोलताना असायचा. मी खुलासा तयार ठेवला होता : दीड तासाचा गोंधळ, मॅनेजरचा उशीर, लाऊडस्पीकरचे उच्चार. ती म्हणाली, हो हो, कळलं. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, पुढच्या वेळी एक दिवस आधी पोचायचं. हॉटेलात राहायचं. मी गेटसमोरून हलणार नाही, वाटलं तर टूर कंपनीबरोबर जाऊ, टोपीही घालतो. एवढं मी आजवर कुणापुढे नमलेलो नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, डिसेंबरचं जहाज कालच बुक केलं मी. नॉर्वे. आर्याला माहितीय.

मी म्हटलं, उत्तम, माझे गरम कपडे काढून ठेवतो.

म्हणाली, अहो, खोली एकाच माणसाची घेतलीय.

दही संपलंय हे ती ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात सांगितलं. मी बरं म्हटलं. तिने जेवणाचं विचारलं, मी जेवलो म्हणून सांगितलं. फोन ठेवला.

वाईट वाटलं. फार. तेव्हापासून पडवीत बसलोय आणि ती असं का म्हणाली असेल, याचं कारण शोधतोय. गुडघे, थंडी, नेटवर्क, गोऱ्या बायकांची संगत, सगळं लावून बघितलं. एकही बसत नाही.