साडेसातशेचा की हजारचा

समाधान,

मी झेंडूचे क्रेट घेऊन फूलबाजारात चाललोय. तू झोपलेला, म्हणून लिहून ठेवतो.

काल तुझ्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय आणायला एम. जी. रोडला गेलो. गेम लावला की बंद पडतो, एवढंच मला ठाऊक. दुकानातल्या ताईनं विचारलं, ग्राफिक्स कार्ड कोणतं? आता मला काय माहीत! म्हटलं, सगळ्यात मोठा, हजार वॅटचा द्या. विहिरीवर तीन एचपीची मोटर पुरत असली तरी आपण पाचची बसवलीच ना, संध्याकाळी व्होल्टेज पडतं म्हणून. ती हसायला लागली. म्हणे, काका, मोठा घेतल्यानं व्होल्टेज वाढत नाही, साडेसातशेचा पुरेल. लाइट वर-खाली होत असेल तर त्याला स्टॅबिलायझर लावा. मला अजून पटलेलं नाही, पण डोकं चालेना, म्हणून साडेसातशेचाच आणला. टेबलावर आहे. आधी जेव, मग उघड.

आणि कॉम्प्युटरचं रिकामं खोकं कपाटावरून खाली कशाला काढलंस? तुझी आई मला विचारते. तिला काय सांगू?

स्टॅबिलायझर देताना त्या ताईनं विचारलं, कॉम्प्युटर मळ्यात राहणार की शहरात? शहरात असेल तर उगाच नेऊ नका.

मी मळ्यात म्हणालो आणि घेऊन आलो. बरोबर सांगितलं ना रे?

– नाना