पंचेचाळीस, पन्नास की चोपन्न

२ डिसेंबर

आमच्या हिचा, व्हर्नाचा, गुडघा बरा. धाकट्या भावाचा, क्लेटनचा, खोकला तसाच. कुत्री थकली, पण ताटली चाटूनपुसून लख्ख! माझा खांदा ऑपरेशननंतर कुरकुरतो, एवढंच.

नाताळ झाला की चकमकीच्या ठिणगीने पेटणाऱ्या, ठासणीच्या बंदुकांनी हरीण मारायचा हंगाम. नवी नळी बसवायचीय; भोक किती शतांश इंचाचं, ते ठरवायचंय. गेल्या साली जुन्या नळीतल्या पंचेचाळीसच्या गोळीने हरणी नुसती जखमी झाली. बर्फातलं रक्त बघत मी नि व्हर्ना अंधार पडेपर्यंत हिंडलो. सापडली नाही. व्हर्नाने बजावलंय — "पुन्हा असं झालं तर बंदूक ओढ्यात टाकीन. तुझ्यासकट!"

५ डिसेंबर

क्लेटन म्हणतो, "दादा, चोपन्न घे. गोळी जवळजवळ दुप्पट जड. हरीण जागच्या जागी बसतं."

"आणि माझा खांदा?"

"देवाने दोन दिलेत की!"

गाढव.

९ डिसेंबर

त्याचीच चोपन्न उडवून बघितली. आई गं! दारू कमी घातली तर धक्का सोसतो, पण गोळी लांबवर खाली पडते.

१२ डिसेंबर

ठरलं — पन्नास. गोळी पुरेशी जड, खांदाही तक्रार करत नाही. एक अट माझी मलाच: कोठारापासून विहीर जेवढी लांब, त्यापलीकडचं हरीण सोडून द्यायचं.

१९ डिसेंबर

नळी बसली. शिसं वितळवून गोळ्या ओतल्या. गोळीभोवती गुंडाळायला व्हर्नाने जुन्या गादीच्या कापडाच्या चकत्या कापल्या. "माझ्या आईची गादी हो ही!"

"म्हणूनच इतकी घट्ट बसते."

उलथनं उगारलं बाईने!

२७ डिसेंबर

हरीण आलं. अगदी अटीतलं! चाप ओढला — चकमकीखालची बाहेरची दारू भसकन पेटली, पण आतला बार उडाला नाही. ते माझ्याकडे बघत सावकाश निघून गेलं.

घरी गोळी ओढून काढली. मागे दारूच नव्हती. घालायचीच राहिली! क्लेटन हसून लोळला — "ठासणीवाल्यांत कोण सुटलंय यातून?" खरंय. प्रत्येकाचं कधी ना कधी होतं.

३० डिसेंबर

आज बंदूक नीट भरली. निघताना व्हर्नाने सहज नळीत ठासायचा गज घातला. बार बरोबर भरला असेल तर गजावरची खूण नळीच्या तोंडाशी यायला हवी, ती चांगली वर राहिली. दारू दोनदा पडली होती. नळी गालाशीच फुटू शकली असती.

मला एकदाच घातल्याचं आठवतं.

क्लेटन हसला नाही.

१ जानेवारी

डुकराचं मांस आणि आंबट कोबी, नव्या वर्षाच्या रीतीप्रमाणे. जेवण झाल्यावर बंदुकीचा दस्ता व्हर्नाच्या मापाने कापून दिला. यापुढे बंदूक तिची, भरायचीही तिनेच.