घासलेल्या पत्र्यावरचे चार आकडे

अप्पा,

तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, आणि गेल्या रविवारी तुम्ही शिकवलेली एक गोष्ट तुमच्या नातवाच्या कामी आली. तुम्ही त्याला पाहिलंही नाहीत. त्याला सरकारी नोकरी लागली आहे, पोलीस पडताळणी तेवढी व्हायची आहे, पण त्याआधीच साहेबांना गाडी हवी होती. नवी परवडत नाही म्हणून जुनी. एजंट म्हणाला, "डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल हँड, एकाच मालकाची," आणि तिथेच आमच्या घराने मान डोलावली. पुण्यात डॉक्टरांची गाडी म्हटलं की माणसं बॉनेट उघडून बघत नाहीत, घरी येऊन हाराची ऑर्डर देतात. आम्हीही दसऱ्यासाठी पेढे सांगून ठेवले होते.

एजंट कोथरूडला आमच्या सोसायटीत गाडी घेऊन आला. चासी नंबर म्हणजे कंपनीने गाडीच्या पत्र्यावर ठोकलेला तिचा कायमचा क्रमांक. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उमटतो, तो कागदपत्रांना जोडतात. एजंटाने छाप आधीच काढून आणला होता. मुलाने तो मोबाइलवर आरटीओच्या नोंदीशी ताडून पाहिला, सगळं जुळलं. मी आपली पाण्याचा तांब्या घेऊन खाली गेले होते. बॉनेट उघडं होतं, ऊन सरळ त्या पत्र्यावर पडलं होतं, आणि मला एकदम तुमची पायरी दिसली.

बुधवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानाची पायरी. तुम्ही मांडीत पातेलं धरून बसला आहात, छिन्नीवर हातोडीची टकटक चालली आहे, लग्नाच्या भांड्यांवर कुणा मुलीचं नाव उमटतं आहे. मी तुमचा डबा घेऊन आले आहे. एक गृहस्थ तांब्याचा हंडा पुढे करतात, "यावर आमचं नाव घाला." तुम्ही हंडा उन्हात तिरका धरता, नखाची पाठ त्यावरून फिरवता आणि म्हणता, "अहो, इथे आधीच कुणीतरी राहतंय. त्यांना विचारून या." गृहस्थ तणतणत निघून गेले. "घालून टाकायचं ना, आपल्याला काय करायचंय?" असं मी म्हणाले मात्र, तुम्ही असे ओरडलात की दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मग एक मोडीतली परात घेऊन तिच्यावरचं नाव तुम्ही कानशीने घासून काढलंत आणि माझं बोट तिथे फिरवलंत. घासलेली जागा डोळ्याला सपाट दिसते, पण हाताला बशीसारखी किंचित खोल लागते. एका बैठकीत घातलेली अक्षरं सारखी बसतात, नंतर कुणी भर घातली तर ती वेगळी पडतात. डोळे पुसत पुसत मी हे शिकले.

तर मी नखाची पाठ फिरवली. शेवटच्या चार आकड्यांखाली पत्रा बसला होता. ते चार बाकीच्यांपेक्षा खोल होते आणि ओळीतून जरा वर चढले होते. आजूबाजूला वर्षांची धूळ, आणि तेवढ्या जागी ताजा रंग.

"काय काकू, काही प्रॉब्लेम?" एजंटाने विचारलं.

"इथे आधी दुसरं कुणीतरी राहत होतं," माझ्या तोंडून तुमचंच बोलणं निघालं.

मुलगा वैतागला. "आई, मोबाइलवर सगळं ओके आहे. तू प्लीज मध्ये पडू नकोस."

"पडणार. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊ या. ते बरोबर म्हणाले तर मी स्वतः हार घालते."

एजंटाला तेवढ्यात आठवलं की त्याला मार्केट यार्डला कुणाला तरी भेटायचंय. गाडी गेटबाहेर इतक्या घाईने गेली की वॉचमनही उठून उभा राहिला. मग मात्र मुलाचा चेहरा उतरला, आणि तो तसाच चौकीत जाऊन कळवून आला.

काल चौकीतून फोन आला. गाडी चोरीची होती, आणि नंबर अपघातात चक्काचूर झालेल्या दुसऱ्याच गाडीचा. म्हणून कागद जुळत होते. उद्या पडताळणीला येणाऱ्या पोलिसांना आमच्या पार्किंगमध्ये, याच्या नावावर, चोरीचा माल सापडला असता आणि हाती आलेली नोकरी गेली असती. ते ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी जिन्यातच बसले आणि एकटीच हसत सुटले. पेढे आणलेच. गाडी न आल्याचे पेढे वाटणारी सोसायटीतली पहिली बाई मीच असेन.

पेढा खाताना मुलाने विचारलं, "आई, हे तुला शिकवलं कुणी?"

अप्पा, माझ्या लग्नाची बोलणी चालली असताना "आमचं भांड्यांचं दुकान आहे" असं मी सांगितलं होतं. तुम्ही शेजारीच बसला होतात. तिथे काही बोलला नाहीत, घरी आल्यावरही नाही. दुकान दुसऱ्याचं आणि पायरी तेवढी तुमची, हे माझ्या सासरी आजही कुणाला ठाऊक नाही.

हे पत्र त्याच्या टेबलावर ठेवावं म्हणून सकाळपासून दोनदा त्याच्या खोलीपर्यंत गेले आणि परत आले. काल मी त्याला म्हणाले, "मोबाइलवर पाहिलं होतं कुठेतरी."