वाचनालयाच्या उद्घाटनाची टेप

या आठवड्यात घरात आलेल्या वस्तू: रेघांचा जाड कागद, एक दस्ता. निळी शाई, एक बाटली. अंगठ्याची शाईची उशी, एक (लागली नाही, मला सही येते, दुकानदाराने परत घेतली नाही). जुन्या टेपा लावून बघायचं यंत्र, एक, भाड्याने. कागद आणि शाईला दोन दिवसांच्या दुधाइतके पैसे पडले, यंत्राला महिन्याच्या दुधाइतके. घासाघीस केली, पण तसं यंत्र आता शहरात एकाच माणसाकडे उरलं आहे आणि त्याला ते ठाऊक आहे.

वरील साहित्यानिशी मी, खाली सही करणारी, मॅट्रिक पास, गृहिणी, एका चित्रीकरणवाल्याची विधवा, देवाला स्मरून आणि चष्मा लावून माझ्या मागच्या व्यवस्थेचा हा कागद करते. बुद्धी शाबूत आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. मुलगा दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाही, यावरून ते सिद्ध व्हावं.

१. राहतं घर मुलगा आणि सून यांना निम्मं निम्मं. सुनेचं नाव मुद्दाम घातलं आहे. नळ गळला की पाना घेऊन तीच खाली बसते. मुलगा ‘कुणाला तरी बोलवायला हवं’ एवढंच म्हणतो.

२. बँकेतली ठेव नातीच्या शिक्षणासाठी. ती काय शिकते यात कोणी नाक खुपसू नये, मीसुद्धा आता खुपसणार नाही.

३. शिवणयंत्र धाकट्या जावेला. तिने ते किती वेळा सुचवून पाहिलं आणि मी दर वेळी विषय बदलला. आता घे बाई. तेल मात्र वेळेवर घाल.

४. प्रार्थनेचं पुस्तक ज्याला हवं त्याने घ्यावं. कोणालाच नको असेल तर सुनेने, कारण ती नाही म्हणत नाही.

५. शेजारच्या वकीलबाईंनी हा कागद तपासला, पैसे घेतले नाहीत. त्यांना काही ठेवावं म्हटलं तर साक्षीदाराला वारसा चालत नाही म्हणाल्या. म्हणून गॅलरीतल्या कुंड्या आजच त्यांच्या दारात नेऊन ठेवल्या.

६. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला काहीही देऊ नये. माझा मुलगा शाळेत असताना त्याला या माणसाने गिऱ्हाइकांदेखत ‘गिधाडाचं पोर’ म्हटलं. तेव्हापासून मी दोन रस्ते पलीकडून सामान आणते, तिथे साखर महाग असूनही. त्याच्या बायकोला मात्र माझा मोठा कुकर द्यावा. तिने त्या वेळी नवऱ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरलेली नाही.

७. आता टेप. वकीलबाई म्हणतात, एवढा इतिहास मृत्युपत्रात कोणी लिहीत नाही. पण नाही लिहिला तर मुलाला माझं म्हणणं कळायचं नाही.

आमच्या ह्यांचं लग्नसमारंभांच्या चित्रीकरणाचं दुकान होतं. कॅमेरा एकदा तिपाईवर चढवला की मंडळी घरी जाईपर्यंत बंद करायचा नाही, हा त्यांचा नियम. “बंद केला की नेमकी नवरीची आजी नाचायला उठते,” असं म्हणायचे. नव्या वाचनालयाच्या उद्घाटनाचं काम त्यांना मिळालं. तेव्हाचे महापौर सगळ्यांचे लाडके; रस्त्यात थांबवून नळाला पाणी येतं का विचारायचे, आणि उत्तर संपेपर्यंत हलायचे नाहीत. भाषण करता करता ते व्यासपीठावर कोसळले आणि तिथेच गेले. कॅमेरा चालू होता. त्यांच्या कॉलरला ह्यांनीच छोटा माइक लावला होता, तो काढायचं त्या गोंधळात कोणाला सुचलं नाही. त्यामुळे चित्रापेक्षा आवाज स्वच्छ आला.

महापौरांची कन्या गर्दीच्या मागे अडकली होती. डोक्यांवरून तिला कॅमेऱ्याचा लाल दिवा तेवढा दिसला. शोकसभेत ती म्हणाली, “माझे वडील जात होते, आणि एक माणूस शांतपणे शूटिंग करत उभा होता.” तिच्या दुःखाला मी नावं ठेवत नाही. आता ठेवत नाही. पण त्या वाक्याने आमची लग्नांची कामं गेली. ह्यांनी पुढे शाळांच्या ओळखपत्रांचे फोटो काढून संसार चालवला आणि मुलांना हसवायला खिशात लाकडी बेडूक ठेवला.

मी म्हणायची, “अहो, दाखवा ना ती टेप एकदा. लोकांची तोंडं बंद होतील.”

“अगं, माझं नाव धुवायला त्यांचं मरण वापरू?”

“मग जाळून तरी टाका.”

“ते माझं आहे का जाळायला?” मग “मी गेल्यावर तू बघ,” म्हणाले, “आणि तुला सुचेल ते कर.”

गेल्या वर्षी ते गेले. यंदा वाचनालयाची नवी इमारत होते आहे म्हणून महापौरांवर कार्यक्रम निघाला, आणि एका वाहिनीचा माणूस ती टेप मागायला आमचा जिना चढून आला. पोरगा तसा चांगला होता, बूट बाहेर काढून आला.

“काकू, ते सार्वजनिक माणूस होते. लोकांचा हक्क आहे.”

“कशावर?”

“सत्यावर.”

“कशाने गेले ते डॉक्टरांनी लिहून दिलं, पेपरात छापून आलं. आणखी कुठलं सत्य राहिलंय?”

तो जरा चुळबुळला. “लोकांना बघायचंय, काकू.”

“हां, असं म्हणा.”

मग त्याने आकडा सांगितला. मी चहाचे कप उचलले. त्यांना कोणी मारलं असतं, कोणी औषध दिलं नसतं, तर मी स्वतः ती टेप न्यायाधीशापुढे नेऊन ठेवली असती. त्यात महापौरांची लाजही आड येऊ दिली नसती. इथे तसं काही नाही. इथे एक माणूस मरतो आहे, एवढंच आहे.

तो गेल्यावर मी यंत्र मागवलं. मुलगा आणि मी दोघांनी टेप पाहिली. आमचे हे डावीकडून धावत येतात, जाकीट काढून महापौरांच्या डोक्याखाली घालतात आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून बसतात. बाकीची मंडळी खुर्च्यांमागे. मग शेवटपर्यंत ती पाठच दिसते. शर्टाची शिवण माझ्या हातची, मी लगेच ओळखली. महापौर काय काय बोलले ते लख्ख ऐकू येतं. ते मी इथे लिहिणार नाही, वकीलबाईंनाही सांगितलेलं नाही.

मुलाने यंत्र थांबवलं. मग म्हणाला, “आई, चेहरा तर दिसतच नाही. आवाज काढून टाकू. फक्त बाबांची पाठ दाखवू.”

खरं सांगते, मला मोह झाला. त्यावर मी देवापुढे बसले. पण आवाज काढलेली टेप पाहून लोक म्हणणार, काय लपवलंय? मग आवाज मागणार. आज ना उद्या कोणीतरी देणार.

“मला शाळेत काय म्हणायचे माहीत आहे ना तुला?”

“माहीत आहे. फुकट का महागाची साखर आणते मी?”

तो हसला, आणि हसल्याचा राग येऊन उठून गेला.

म्हणून असं ठरवते. ती टेप, जी एकच आहे, महापौरांच्या कन्येला द्यावी. कसलीही अट नाही. तिने जाळावी, कुलपात ठेवावी, चौकात दाखवावी. त्यातलं बोलणं तिच्या वडिलांचं आहे. आम्ही नुसतं सांभाळलं. मुलाने यावर हरकत घेऊ नये. बाळा, बाबांचा कॅमेरा आणि तिपाई तुझी. आणि त्या दिवशी बाबा कुठे होते ते तू आता डोळ्यांनी पाहिलं आहेस. गावाला कळेल न कळेल. आपल्या घरात कळलं.

८. माझा अंत्यविधी थोडक्यात आटपावा. फोटो काढू नयेत.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचून पाहिला आणि पुढील दोघांसमक्ष सही केली.

(सही)

साक्षीदार:
१. शेजारच्या वकीलबाई (सही)
२. तळमजल्यावरचे घड्याळवाले (सही, चष्मा विसरले होते, म्हणून मजकूर मोठ्याने वाचून दाखवला)

स्थळ: राहतं घर, स्वयंपाकाचं टेबल
दिनांक: ९ ऑक्टोबर

ही नक्कल महापौरांच्या कन्येस रवाना.

ताई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात म्हणे. पण माझा नेम नाही आणि तुमचंही वय होत आलं, म्हणून आधीच पाठवते. टेपेचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मात्र ऐकल्याशिवाय ठरवू नका. तुमचे वडील एकटे नव्हते, आणि त्यांनी तुमच्यासाठी काही सांगून ठेवलं आहे. आमच्या ह्यांनी ‘हो, सांगतो’ म्हटलेलंही ऐकू येतं. शोकसभेनंतर तुमच्या दारी यायचा त्यांना धीर झाला नाही. हे काम पोस्टावर सोपवायचा मला होत नाही. यंत्र एका दिवसाकरता पुन्हा भाड्याने घेते आणि टेप घेऊन स्वतः येते. कोणत्या दिवशी येऊ ते कृपया उलट टपाली कळवावे.